प्लेबुक हिरवं, तरी सर्व्हर पासवर्ड मागतोच: एसएसएच सेटअप पुन्हापुन्हा का बिघडतो

लक्षण असं. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची वाट, ॲन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हरांची सेटिंग एकाच ठिकाणाहून लावणारं साधन आणि प्लेबुक म्हणजे त्याला दिलेली कामांची यादी. आमच्या प्लेबुकात पासवर्डने लॉगिन बंद केलंय, रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) थेट प्रवेश नाही, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) चालते. प्लेबुक चालवलं, शेवटच्या ओळीत 'फेल्ड' शून्य, तिकीट बंद. काही आठवड्यांनी कुणीतरी नव्याने उभ्या केलेल्या सर्व्हरवर जातं आणि समोर पासवर्ड विचारणारी ओळ येते. पुन्हा प्लेबुक चालवावं तर सगळं 'ओके', बदल काहीच नाही. ॲन्सिबलच्या मते काम झालेलं आहे आणि सर्व्हर मात्र दार उघडं टाकून बसलाय.

हे तिकीट माझ्याकडे तीन वेळा परत आलं. पहिल्या दोन वेळी मी सर्व्हरवर जाऊन फाइल हाताने दुरुस्त केली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि मोकळा झालो. तिसऱ्या वेळी सोबतच्या सहकाऱ्याने विचारलं, "अरे, हे आपण मागच्याच महिन्यात बंद केलं होतं ना?" तेव्हा ठरवलं की मूळ सापडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मूळ एक नव्हतं, चार होती. पण चारहींच्या तळाशी एकच गोष्ट होती: फाइलमध्ये काय लिहिलंय, एसएसएचडी (सर्व्हरवर लॉगिन स्वीकारणारा प्रोग्रॅम) त्यातून काय अर्थ काढतो आणि या क्षणी चालू असलेली प्रोसेस कशावर चाललीय, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ॲन्सिबलचं 'ओके' फक्त पहिलीबद्दल बोलतं.

आधी बाहेरून बघा

सर्व्हरवर लॉगिन करून फाइल उघडण्याआधी, दुसऱ्या मशीनवरून एक कनेक्शन मुद्दाम अपयशी करा. एसएसएच क्लायंटला 'प्रेफर्ड-ऑथेंटिकेशन्स' हा पर्याय 'नन' असा द्या. क्लायंट कुठलीही की किंवा पासवर्ड पुढे करत नाही, सर्व्हर 'परमिशन डिनाइड' म्हणतो आणि त्याच ओळीच्या शेवटी कंसात, तो कोणकोणत्या पद्धती स्वीकारायला तयार आहे त्यांची यादी देतो. तिथे फक्त 'पब्लिक-की' हवं. 'पासवर्ड' किंवा 'कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह' दिसलं तर प्लेबुक काहीही म्हणो, दार उघडं आहे.

'कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह'कडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन' बंद केलं, पण 'यूज-पॅम' (पॅम ही लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) चालू आहे आणि कीबोर्ड-इंटरॲक्टिव्हही चालू आहे, तर पॅमच्या वाटेने तोच पासवर्ड आत येतो. या पर्यायाचं जुनं नाव 'चॅलेंज-रिस्पॉन्स-ऑथेंटिकेशन'. 2021 मध्ये आलेल्या ओपनएसएसएच 8.7 पासून 'केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन' हे नाव चालतं. जुनं नाव अजून स्वीकारलं जातं, म्हणून जुन्या टेम्प्लेटमध्ये ते तसंच पडून राहतं. 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन' आणि हा, दोन्ही पर्याय स्पष्टपणे 'नो' लिहा.

बाहेरचं चित्र कळलं की आत जा आणि रूट म्हणून एसएसएचडी कॅपिटल टी पर्यायासह चालवा. डिस्कवरच्या सगळ्या फाइली वाचून शेवटी कुठली किंमत ठरते ते तो ओळीओळीने छापतो. स्मॉल टी ही फक्त व्याकरणाची तपासणी, कॅपिटल टी म्हणजे निकाल. ग्रेप करून, म्हणजे नुसता शब्द शोधून, फाइल वाचण्याची सवय इथे सोडून द्या. मी दोन महिने फसलो तो ग्रेपमुळेच, कारण मला दिसणारी ओळ बरोबरच होती.

मूळ पहिलं: आधी आलेली किंमत जिंकते

बहुतेक कॉन्फिग फाइलींमध्ये शेवटी लिहिलेलं चालतं. एसएसएचडीमध्ये उलट आहे. एखाद्या पर्यायाची जी किंमत सर्वांत आधी भेटेल तीच धरली जाते, पुढे शंभर वेळा वेगळं लिहिलंत तरी त्याला मान नाही. 2020 च्या फेब्रुवारीत आलेल्या ओपनएसएसएच 8.2 मध्ये 'इन्क्लूड' (दुसऱ्या फाइली आत ओढून घेण्याची सोय) आलं आणि मग डेबियन, उबंटू आणि रेड हॅटच्या नव्या आवृत्त्यांनी मुख्य फाइलच्या अगदी वरच्या भागात 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डर ओढून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे त्या फोल्डरातलं सगळं, मुख्य फाइलमधल्या तुमच्या ओळीच्या आधी वाचलं जातं.

माझ्या बिघडलेल्या उबंटू 22.04 सर्व्हरवर ते फोल्डर उघडलं तेव्हा आत एकच फाइल होती, '50-क्लाउड-इनिट.कॉन्फ'. तिच्यात एकच ओळ: पासवर्ड-ऑथेंटिकेशन यस. आमचं प्लेबुक 'लाइन-इन-फाइल' या, फाइलमधली एखादी ओळ बदलणाऱ्या, मॉड्यूलने मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहीत होतं, नेमाने, दर वेळी बरोबर. आणि ती ओळ वाचायची वेळ येईपर्यंत निकाल लागून गेलेला असायचा.

पुन्हापुन्हा का घडत होतं तेही इथेच उलगडलं. मी हाताने ती फाइल काढून टाकली होती. पण क्लाउड-इनिट, म्हणजे क्लाउडवरच्या सर्व्हरची सुरुवातीची सेटिंग लावणारं साधन, पासवर्डची ही सेटिंग प्रत्येक नव्या इन्स्टन्ससाठी (सर्व्हरसाठी) पुन्हा लावतं. स्नॅपशॉटवरून (काढून ठेवलेल्या डिस्कच्या प्रतीवरून) नवा सर्व्हर उभा राहिला की त्याची ओळख नवी, म्हणून फाइल परत हजर. फाइल पुसणं हा उपाय नव्हताच.

उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. इन्स्टन्स उभा करताना दिल्या जाणाऱ्या युजर-डेटामध्ये 'एसएसएच_पीडब्ल्यूऑथ' फॉल्स ठेवा. आणि प्लेबुकातून मुख्य फाइलला हात न लावता त्याच फोल्डरात आपली स्वतःची फाइल टाका, नाव शून्य-शून्यने सुरू होणारं. फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे 00 ने सुरू होणारी फाइल 50 च्या आधी येते. सवयीने 99 देऊ नका. 'सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत वरचढ' हा हिशोब इथे चालत नाही. रेड हॅट 9 वर इन्स्टॉल करताना रूटला पासवर्डने लॉगिन करू देण्याचा चौकोन टिक केला असेल, तर तिथे 01 ने सुरू होणारी फाइल आधीच बसलेली असते. 10 दिलंत तर तिच्याही मागे पडाल.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते त्रासदायक आहेत. 'पोर्ट', 'लिसन-ॲड्रेस', 'होस्ट-की', 'अलाऊ-युजर्स' यांच्या ओळी एकमेकींवर मात करत नाहीत, त्यांची बेरीज होते. आपल्या फाइलमध्ये पोर्ट 2222 लिहिलं आणि मुख्य फाइलमध्ये पोर्ट 22 उघड लिहिलेलं राहिलं, तर सर्व्हर दोन्हीवर ऐकतो. 22 बंद झालं असं समजून आपण निश्चिंत.

मूळ दुसरं: फाइलच्या शेपटीला 'मॅच' ब्लॉक

आमच्या काही जुन्या सर्व्हरांवर फाइल अपलोड करणाऱ्या खात्यांसाठी मुख्य फाइलच्या शेवटी 'मॅच ग्रुप' ब्लॉक (ठरावीक ग्रुपलाच लागू होणाऱ्या सेटिंगचा भाग) होता. 'लाइन-इन-फाइल'ला जुळणारी ओळ सापडली नाही की तो नवी ओळ फाइलच्या शेवटी जोडतो. मॅच ब्लॉक बंद करणारं चिन्ह नसतं, तो पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. त्यामुळे 'परमिट-रूट-लॉगिन नो' ही आमची ओळ थेट त्या ब्लॉकच्या पोटात गेली आणि फक्त त्या ग्रुपपुरती लागू झाली. रूटला काहीच अडकाव नाही.

मॅचच्या आत चालत नाही असा एखादा पर्याय तिथे गेला असता, तर एसएसएचडीने चूक दाखवून चालू व्हायलाच नकार दिला असता. ते परवडलं असतं, निदान कळलं असतं. हा पर्याय मॅचमध्ये चालतो, म्हणून सगळं शांत.

मॅचमधल्या किंमती, अट जुळली की बाहेरच्या किंमतींना मागे सारतात, आणि नुसत्या कॅपिटल टीला त्या दिसत नाहीत. त्यासाठी कॅपिटल सी पर्यायाने युजर, होस्ट आणि पत्ता द्यावा लागतो: अमुक युजर अमुक पत्त्यावरून आला तर निकाल काय? आम्ही आता रूट, एक साधा वापरकर्ता आणि अपलोड खातं, तिघांसाठी हे चालवतो.

एसएसएचच्या फाइलवर 'लाइन-इन-फाइल' वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. संपूर्ण फाइल टेम्प्लेटमधून लिहा, नाहीतर फोल्डरात आपला स्वतंत्र तुकडा टाका. ओळीओळीने ठिगळं लावलेल्या फाइलचा अर्थ काय होईल हे कुणीही नुसतं बघून सांगू शकत नाही.

मूळ तिसरं: हरवलेला हँडलर

याला सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण यात डिस्कवरची फाइलही बरोबर असते आणि कॅपिटल टीचा निकालही बरोबर असतो. तरीही बाहेरून बघितलं की कंसात 'पासवर्ड'.

घडतं ते असं. फाइल बदलणारं टास्क 'चेंज्ड' होतं आणि रीलोडच्या हँडलरला (काही बदललं तरच धावणाऱ्या टास्कला) सूचना देतं. हँडलर लगेच धावत नाही, प्लेमधली (प्लेबुकाच्या त्या भागातली) सगळी टास्कं संपण्याची वाट बघतो. मध्ये भलतंच एखादं टास्क फसतं, समजा पॅकेजचा मिरर (ती उतरवून घेण्याचा सर्व्हर) मिळाला नाही. त्या होस्टवर (सर्व्हरवर) प्ले तिथेच थांबतो आणि हँडलर धावतच नाही. तुम्ही मिररची अडचण सोडवून प्लेबुक पुन्हा चालवता. आता फाइल आधीच बरोबर आहे, म्हणून टास्क 'ओके', म्हणून सूचना नाही, म्हणून रीलोड नाही. फाइल नवी, प्रोसेस जुनी, आणि ही अवस्था पुढच्या रीबूटपर्यंत टिकते. कितीही वेळा प्लेबुक चालवा, फरक पडत नाही.

खात्री करायची तर जर्नल (सिस्टमची नोंदवही) बघा. रीलोड झाला की एसएसएचडी 'सिग-हप मिळाला, रीस्टार्ट करतोय' अशा अर्थाची नोंद करतो. त्या नोंदीची वेळ, किंवा ती नसेल तर सर्व्हिस सुरू झाल्याची वेळ, आणि फाइल बदलल्याची वेळ शेजारी ठेवा. फाइल नंतरची असेल तर हेच मूळ.

एसएसएचचं टास्क संपल्यावर लगेच 'मेटा: फ्लश-हँडलर्स' टाका, म्हणजे रीलोड पुढच्या टास्कांच्या नशिबावर अवलंबून राहत नाही. प्लेवर 'फोर्स-हँडलर्स' चालू ठेवा. होस्टशी संपर्कच तुटला तर तेही कामाचं नाही, म्हणून मी शेवटी बाहेरून कंस तपासणारं टास्कही ठेवलंय. ते कंट्रोल मशीनवरून (जिथून ॲन्सिबल चालवतो त्या मशीनवरून) चालतं, सर्व्हरच्या कुठल्याही फाइलवर विश्वास ठेवत नाही आणि यादीत 'पब्लिक-की'शिवाय काही दिसलं तर प्ले लाल करतं.

मूळ चौथं: खोटी खात्री

हे मूळ दुरुस्तीच्या वेळी घात करतं. ॲन्सिबल प्रत्येक टास्कसाठी नवं कनेक्शन उघडत नाही. क्लायंटची 'कंट्रोल-पर्सिस्ट' सोय वापरून ते एकच कनेक्शन, मूळ सेटिंगनुसार 60 सेकंद, जिवंत ठेवतं. एसएसएचडी रीलोड किंवा रीस्टार्ट झाला तरी आधीची सेशन्स सहसा तुटत नाहीत. त्यामुळे नव्या सेटिंगने तुम्हाला बाहेर काढलेलं असलं, तरी पुढची टास्कं जुन्याच वाटेने सुखरूप पार पडतात. प्ले हिरवा संपतो. एका मिनिटाने कनेक्शन मरतं आणि मग आत जायला वाट नाही.

आमच्याकडे हे एका संध्याकाळी घडलं. 'अलाऊ-युजर्स'च्या ओळीत ॲन्सिबलचं स्वतःचं खातं लिहायचं राहिलं होतं. व्याकरण अचूक, स्मॉल टी समाधानी, रीलोड यशस्वी, प्ले हिरवा. दुसऱ्या प्लेला सगळे होस्ट 'अनरीचेबल'. रात्री उशिरापर्यंत कन्सोलवरून (एसएसएचशिवाय सर्व्हरवर पोचण्याच्या वाटेने) एकेक सर्व्हर उघडत बसावं लागलं.

रीलोडनंतर 'मेटा: रीसेट-कनेक्शन' आणि त्यापाठोपाठ 'वेट-फॉर-कनेक्शन' टाका. आता ॲन्सिबलला नव्याने दार वाजवून आत यावं लागतं आणि नाही आलं तर ते पहिल्याच होस्टवर कळतं. पहिल्याच होस्टवर कळण्यासाठी 'सीरियल' (एका वेळी किती होस्ट घ्यायचे तो आकडा) एक ठेवायला मात्र विसरू नका.

कुलूप आतून लागू नये म्हणून

ॲन्सिबल ज्या फांदीवर बसतं तीच फांदी इथे कापतं. पपेटसारख्या साधनात सर्व्हरवरचा एजंट स्वतः बाहेर जाऊन, मूळ सेटिंगनुसार दर 30 मिनिटांनी, आपली कामं घेऊन येतो. एसएसएच बंद पडलं तरी दुरुस्ती पोचू शकते. ॲन्सिबलला ती सोय नाही आणि 'रेस्क्यू' ब्लॉकही (टास्क फसल्यावर धावणारा भाग) उपयोगाचा नाही, कारण रेस्क्यूची टास्कंसुद्धा त्याच बंद दारातून जायची असतात.

म्हणून सुटका सर्व्हरवरच आधी पेरून ठेवायची. बदल करण्याआधी आमचं प्लेबुक जुन्या फाइलींची प्रत काढतं आणि 'सिस्टमडी-रन'ने 10 मिनिटांनी धावणारा एक टायमर लावतं: प्रत जागेवर ठेव, आपली नवी फाइल काढ, एसएसएचडी रीस्टार्ट कर. मग बदल, रीलोड, कनेक्शन रीसेट, नव्याने लॉगिन. लॉगिन जमलं तरच पुढचं टास्क टायमर रद्द करतं. नाही जमलं तर 10 मिनिटं शांत बसायचं, सर्व्हर आपोआप पूर्वपदावर येतो. हे बसवल्यापासून एसएसएचच्या बदलासाठी मला कन्सोल उघडावा लागलेला नाही.

टेम्प्लेट मॉड्यूलच्या 'व्हॅलिडेट'मध्ये एसएसएचडीची स्मॉल टी तपासणी घालाच. त्यामुळे बिघडलेली फाइल जागेवर पोचतच नाही. मात्र फोल्डरातल्या तुकड्यासाठी ही तपासणी त्या तुकड्यापुरतीच असते, म्हणून रीलोडच्या आधी संपूर्ण कॉन्फिगवर आणखी एकदा चालवा. चुकीच्या फाइलवर सिग-हप पाठवला तर एसएसएचडी स्वतःला पुन्हा सुरू करायला जातो आणि तिथेच संपतो. एखाद्या उबंटू सर्व्हरवर ही तपासणी '/रन/एसएसएचडी' हे फोल्डर नाही म्हणून फसली, तर कॉन्फिगला दोष देऊ नका. सर्व्हिस अजून सुरूच झालेली नसली की ते फोल्डर नसतं. आधी ते बनवा.

कींच्या बाबतीत एक सापळा सांगायलाच हवा. 'ऑथोराइज्ड-की' मॉड्यूलला 'एक्सक्लुझिव्ह' दिलं आणि लूप लावून एकेक की टाकली, तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीची की पुसते. शेवटी यादीतली शेवटचीच की उरते. सगळ्या की एकाच मजकुरात, प्रत्येक वेगळ्या ओळीवर, एकदमच द्या. आणि की बरोबर असूनही नाकारली जात असेल तर होम फोल्डरच्या परवानग्या बघा. ग्रुपला लिहिण्याची मुभा असेल तर 'स्ट्रिक्ट-मोड्स' ती की वाचतच नाही.

पोर्ट बदलला, पण बदलला नाही

उबंटू 22.10 पासून एसएसएच सॉकेटवर चालतं. पोर्टवर ऐकण्याचं काम एसएसएचडी नाही, सिस्टमडीचं (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) 'एसएसएच.सॉकेट' करतं. 24.04 मध्ये कॉन्फिगमधला पोर्ट वाचून सॉकेटची सेटिंग बनवणारा जनरेटर आहे, पण तो धावण्यासाठी 'डेमन-रीलोड' करून सॉकेट रीस्टार्ट करावा लागतो. नुसती सर्व्हिस रीलोड करणारा जुना हँडलर इथे पोर्ट बदलत नाही. त्याआधीच्या सॉकेटवाल्या आवृत्त्यांत सॉकेट युनिटलाच वेगळी ओव्हरराइड द्यावी लागते.

रेड हॅटच्या कुटुंबात अडतं ते एसईलिनक्सपाशी (कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेपाशी). नवा पोर्ट 'एसएसएच_पोर्ट_टी' या प्रकारात नोंदवला नाही तर एसएसएचडीला तो धरताच येत नाही. स्मॉल टीला याचा पत्ता लागत नाही, कारण फाइलमध्ये चूक नाहीच. पोर्टची नोंद, मग फायरवॉल, मग एसएसएचडी, हा क्रम ठेवा. इन्व्हेंटरीमधला (ॲन्सिबलच्या सर्व्हर-यादीतला) पोर्ट बदलायचा राहिला तर पुढच्या वेळी ॲन्सिबल जुन्याच दारावर थापा मारत बसेल.

सायफर (कनेक्शन सांकेतिक करण्याची पद्धत) बदलूनही फरक पडत नसेल, तर रेड हॅटवर ते ठरवणारी जागा वेगळी आहे: संपूर्ण सिस्टमची क्रिप्टो-पॉलिसी. रेड हॅट 8 मध्ये ती एसएसएचडीला कमांड-लाइनवरून मिळते, म्हणून कॉन्फिगमधली ओळ हरते. 9 मध्ये ती फोल्डरातल्या '50-रेडहॅट.कॉन्फ'मधून येते, तिथे 00 ची युक्ती चालते. तरी पॉलिसीच बदलणं मला जास्त योग्य वाटतं.

अचानक कनेक्शन नाकारली जाऊ लागली तर

वरचं सगळं बरोबर आहे, तरी मोठ्या धावेत काही होस्ट मधूनच नकार देतात. आधी कंट्रोल मशीनवरच्या एसएसएच-एजंटमध्ये (की हाताशी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) किती की आहेत ते मोजा. 'मॅक्स-ऑथ-ट्राइज'ची मूळ किंमत 6 आहे, एजंट एकेक की पुढे करत जातो आणि योग्य की सातवी असेल तर तिची पाळीच येत नाही. 'आयडेंटिटीज-ओन्ली' चालू करून नेमकी की द्या. 2024 च्या जुलैमध्ये आलेल्या ओपनएसएसएच 9.8 पासून याला आणखी एक पदर आहे: वारंवार फसणाऱ्या पत्त्याला एसएसएचडी काही काळ आपणहून बाहेर ठेवतो. चुकीच्या कीने दोन-तीनदा धाव घेतलेलं कंट्रोल मशीन त्यात अडकू शकतं आणि मग बरोबर की देऊनही नकारच मिळतो. अशा वेळी 'पर-सोर्स-पेनल्टी-एक्झेम्प्ट-लिस्ट'मध्ये कंट्रोल मशीनचा पत्ता घाला. सगळ्यांसाठीची शिक्षा बंद करू नका.